"मग मी प्रार्थना करायची की नाही?" विज्ञानाच्या तासाला पडलेला प्रश्न

फळा_खडू

नमस्कार मंडळी. एरवी मी फक्त वाचते, पण हा विषय आठवडाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात चार-पाच धर्मांची मुलं आहेत, काहींच्या घरी कुठलाच धर्म पाळत नाहीत. मागच्या आठवड्यात विश्वाची उत्पत्ती चालू होती, महास्फोट, १३८० कोटी वर्षं, दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्यात वगैरे. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, हे आमच्या ग्रंथात आधीच लिहिलंय." लगेच दुसऱ्या धर्माचा दुसरा उठला, "तुमच्यात काय, आमच्यात त्याच्याही आधी लिहिलंय!" तिसरा म्हणाला दोघंही गप्प बसा, देव-बिव काही नसतो, सायन्सने प्रूव्ह केलंय. पाच मिनिटांत वर्गाचे तीन तट. मी "हे परीक्षेला नाहीये" म्हणून सगळ्यांना खाली बसवलं.

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. कधी तोंड न उघडणारी. वहीचा कोपरा दुमडत उघडत उभी होती, मग म्हणाली, "बाई, हे सगळं खरं असेल तर मी रात्री प्रार्थना करते ती करायची की नाही?" मी म्हणाले, "तो विज्ञानाचा विषय नाही गं." तिने मान हलवली आणि गेली. आणि तेव्हापासून मला वाटतंय की मी उत्तर दिलंच नाही, दार लावून घेतलं.

तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं? आणि त्या तीन तटांचं काय करायचं? मुलांनी विज्ञान नीट शिकावं आणि एकमेकांच्या श्रद्धेकडे माणसासारखं बघावं, दोन्ही हवंय मला. जमतं का हे एकत्र?

वाऱ्यावरची_वरात

बाई, विषय वणव्याचा आहे, पाण्याचे टँकर तयार ठेवा. पण प्रश्न खरा आहे. वाचतोय.

उलटतपासणी

स्पष्ट बोलतो, राग नसावा. पूल-बिल बांधायची गरज नाही असं माझं मत. विज्ञान म्हणजे निष्कर्षांची यादी नाही, चूक सापडली की मान्य करायची पद्धत आहे. धर्म ही पद्धत मानत नाही तोवर पूल एकाच बाजूने बांधला जातो. १६३३ साली गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं, आणि चूक झाली हे पोपने जाहीरपणे मान्य केलं १९९२ साली. साडेतीनशे वर्षं!

आणि ते "दोघांची खाती वेगळी, विज्ञान 'कसं' सांगतं, धर्म 'का' सांगतो" हे ऐकायला छान वाटतं, पण धर्म वस्तुस्थितीबद्दल दावे करतच असतात. जग कधी झालं, माणूस कुठून आला, मेल्यावर काय होतं. दावा केला की पुरावा मागणारच.

मुलीला मी सांगितलं असतं: तू ठरव, पण पुरावा बघून ठरव.

शांतरस

उलटतपासणी, चौदा वर्षांची मुलगी रात्री झोपताना काय करते ते तिने प्रयोगशाळेत नेऊन तपासायचं का? माझी आई गेली त्या वर्षी मी रोज प्रार्थना करत होते. त्यातून आई परत येईल असा माझा कुठलाही 'दावा' नव्हता. दिवसभर धरून ठेवलेलं रडू तिथे सुटायचं, आणि दुसऱ्या दिवशी उठून ऑफिसला जाता यायचं. प्रार्थनेला हायपोथिसिस समजलं की सगळं बिनसतं. कुणी गाणं म्हणत असेल तर त्याला पुरावा मागता का तुम्ही?

उलटतपासणी

@शांतरस, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, मनापासून. त्यावर मी बोलतच नाहीये. पण प्रार्थनेने बरं वाटलं हे एक झालं, आणि प्रार्थना करतो म्हणून मुलाला लस देत नाही हे दुसरं. पहिल्याला कुणीच हरकत घेत नाही, दुसऱ्याने मूल दगावतं. तुम्ही मला पहिल्याचं उदाहरण देताय आणि जग दुसऱ्याने भरलंय.

अपूर्णांक

फळा_खडू, मी भौतिकशास्त्रात काम करतो. तुम्ही जो धडा शिकवत होतात त्याच्यातच तुमचं अर्धं उत्तर आहे, आणि पुस्तकवाले ते छापत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

महास्फोटाची कल्पना पहिल्यांदा मांडणारा माणूस धर्मगुरू होता. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढून आला, १९२३ साली कॅथलिक पाद्री झाला, १९२७ साली आइनस्टाइनच्या समीकरणांवरून विश्व प्रसरण पावतंय हे दाखवणारा पेपर लिहिला. आइनस्टाइन तेव्हा त्याला म्हणाला की तुमचं गणित बरोबर आहे पण भौतिकशास्त्र भयानक आहे. १९३१ साली लमेत्रने पुढे जाऊन सगळ्या विश्वाची सुरुवात एका 'आदिअणू'तून झाली असं मांडलं. आणि 'बिग बँग' हे नाव दिलं ते फ्रेड हॉइल या देव न मानणाऱ्या खगोलज्ञाने, १९४९ साली रेडिओवर बोलताना, आणि त्याला स्वतःला ही थिअरी अजिबात पटत नव्हती. म्हणजे थिअरी पाद्र्याची, बारसं नास्तिकाने केलेलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी भाषणात साधारण असं मांडलं की बघा, विज्ञानानेच निर्मितीची साक्ष दिली. तुमच्या वर्गातला पहिला मुलगा जे म्हणाला तेच! पाद्री म्हटल्यावर लमेत्रला आनंद व्हायला हवा होता ना? तो अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं होतं की ही थिअरी देव आहे की नाही या प्रश्नाच्या पूर्ण बाहेर आहे, मानणाऱ्यालाही मोकळी, न मानणाऱ्यालाही. उद्या थिअरी बदलली तर श्रद्धेचं काय करणार? १९६६ साली तो वारला, त्याच्या थोडंच आधी त्याला कळलं होतं की विश्वाच्या सुरुवातीच्या उष्णतेचे अवशेष, म्हणजे ती सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी, सापडले आहेत.

लमेत्र दोन्हीकडे पूर्ण होता, कुठेच अर्धा नव्हता. हे मुलांना सांगा.

वाऱ्यावरची_वरात

"थिअरी पाद्र्याची, बारसं नास्तिकाने केलेलं" हे फळ्यावर लिहा बाई, आख्खा वर्ग लक्षात ठेवेल.

आद्यग्रंथी

इतरांचं माहीत नाही पण आमच्या प्राचीन ग्रंथांत अणू, विमानं, ग्रहांची अंतरं सगळं आहे. पाश्चात्त्यांनी ते उचललं आणि आपण आता त्यांच्याकडून शिकतोय. मुलगा बरोबरच बोलला, बाईंनी त्याला गप्प का केलं?

भाषाभोचक

@आद्यग्रंथी, ज्ञान इकडून तिकडे गेलं हे शंभर टक्के खरं, पण ते कसं गेलं ते बघा म्हणजे मजा येईल.

शाळेत साइन, कोसाइन शिकलात ना? आपल्या ज्योतिषगणितात धनुष्याच्या दोरीवरून शब्द होता 'ज्या', त्यालाच 'जीवा'ही म्हणत. आठव्या शतकात ब्रह्मगुप्ताचं गणित बगदादला पोचलं, तिथे जीवाचं झालं 'जिबा'. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून नुसती व्यंजनं राहिली आणि पुढे लोक ते 'जैब' असं वाचायला लागले. जैब म्हणजे कपड्याची घडी, गळ्याजवळचा खोळ. हिंदीतला 'जेब' तोच. बाराव्या शतकात हे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा भाषांतरकाराने घडीचा लॅटिन शब्द घातला, 'सायनस'. त्याचा झाला साइन. म्हणजे मूळ हिंदू गणितींच्या धनुष्याची दोरी, मुस्लिम गणितींच्या हातात खिसा झाली आणि ख्रिस्ती भाषांतरकारांकडे लॅटिन घडी. आज जगातलं प्रत्येक पोर तो शब्द घोकतं.

बगदादमध्ये ग्रीक वैद्यकाची भाषांतरं करणारा सगळ्यात मोठा माणूस हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती होता, साबित इब्न कुर्रा तर ग्रहताऱ्यांना पूजणाऱ्या हर्रानच्या साबियन पंथाचा, आणि पैसे मुस्लिम खलिफांचे. 'आमच्यात आधी' म्हणायला काहीच हरकत नाही, फक्त वाक्य तिथे थांबवू नका, 'मग त्यांनी काय केलं' हेही सांगा.

आद्यग्रंथी

साइनचं माहीत नव्हतं. पण मूळ आमचंच ना, तेवढं मान्य करा.

भाषाभोचक

साइनचं मूळ आपल्याकडचं, केलं मान्य. विमानांचं नाही करणार :)

अपूर्णांक

@आद्यग्रंथी, एकच विचारतो. ग्रंथात सगळं आहे तर ते शोध लागायच्या आधी त्यातून कुणी का काढून दाखवत नाही? प्रत्येक वेळी शोध आधी लागतो आणि ओळ नंतर सापडते. आणि हे प्रत्येक धर्माचे लोक आपापल्या ग्रंथाबद्दल करतात, एकाच साच्यातनं. मला यात विज्ञानाचा अपमान वाटत नाही, ग्रंथाचा वाटतो. ज्या ग्रंथावर लोकांनी आयुष्यं काढली त्याला आपण पाठ्यपुस्तकाची गाइड करून टाकतो.

शांतरस

अपूर्णांक, हे शेवटचं वाक्य माझ्या मनातलं बोललात.

रात्रपाळी

रात्रीची ड्यूटी संपवून आत्ता वाचतेय. उलटतपासणी, तुम्ही लसीचं लिहिलंत ना, त्यावर एक सांगते, थोडं लांबेल. आमच्या ट्रेनिंगला ही केस शिकवतात आणि मला ती कधीच विसरता येत नाही.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन. सगळं संपेपर्यंत ११ हजारांवर माणसं गेली. इबोलाने मेलेल्याचा देह अतिशय संसर्गजन्य असतो. आणि तिथे मुस्लिम असोत की ख्रिस्ती, घरचे लोक देहाला आंघोळ घालतात, हात लावून निरोप देतात. एका अंत्यविधीतून आख्खं कुटुंब आजारी पडायचं.

मग विज्ञानाने काय केलं? नखशिखांत झाकलेले लोक पाठवले, त्यांनी देह पिशवीत घातला, गाडीत टाकला, नेला. ना नाव, ना प्रार्थना, ना कबर कुठली ते घरच्यांना माहीत. शास्त्रीय दृष्ट्या शंभर टक्के बरोबर. परिणाम काय झाला, लोक आजारी माणसं लपवायला लागले, रात्री गुपचूप पुरायला लागले. साथ वाढली.

मग नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवे नियम काढले, 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन'. ते नुसत्या डॉक्टरांनी नाही लिहिले, ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांबरोबर बसून लिहिले. घरच्यांशी बोलून त्यांची संमती घेतल्याशिवाय सुरुवात करायची नाही. मुस्लिम घर असेल तर पाण्याच्या आंघोळीऐवजी तयम्मुम, म्हणजे पाणी वापरता येत नसेल तेव्हा स्वच्छ मातीवर हात टेकवून करायची शुद्धी, तीही संरक्षक कपड्यातल्या माणसाने, आणि मग पांढरं कफन. ख्रिस्ती असेल तर घरच्यांना अंतरावरून प्रार्थनेला वेळ, कबर खणायला घरची माणसं. कबरीवर नाव.

सांगायचं हे की तयम्मुमचा मार्ग त्या धर्मात आधीपासूनच होता! कुणालाही श्रद्धा सोडायला सांगावी लागली नाही. पण तो मार्ग विषाणुतज्ज्ञाला सापडला नसता, तो आतल्या माणसालाच माहीत असतो. आणि आतल्या माणसाला विषाणू माहीत नसतो. दोघं एका टेबलाशी बसल्याशिवाय ते झालंच नसतं.

मी स्वतः फारशी धार्मिक नाही. पण आयसीयूत नातेवाईक येतात, त्यांना पेशंटजवळ मेणबत्ती लावायची असते. पूर्वी मी नुसतं "अलाउड नाही" म्हणायचे. आता सांगते की इथे ऑक्सिजन चालू आहे, त्यात ठिणगी किती जोरात पेट घेते, आणि मग त्यांनाच विचारते की तुमच्यात याला दुसरं काय चालतं? एका बाईंनी मेणबत्ती न पेटवता नुसती उशाशी ठेवली आणि हात धरून बसल्या. दरवेळी त्यांना काहीतरी सुचतंच.

वाऱ्यावरची_वरात

रात्रपाळी, दोनदा वाचलं. जरा झोपा आता.

उलटतपासणी

चांगला प्रतिसाद. मला 'शंभर टक्के बरोबर' हा शब्द खटकला, इतकंच. लोक लपवतील हे गृहीत धरलं नाही म्हणजे ते शास्त्र अपुरंच होतं, माणसांचं वागणं हाही साथीच्या शास्त्राचाच भाग आहे. म्हणजे तुम्ही सांगितलंत ते मला चांगल्या विज्ञानाचं उदाहरण वाटतं. पण धर्मसंस्थांशिवाय ते जमलं नसतं हे मान्य.

दोन_दारांचं_घर

आमच्या घरात मी एका धर्माचा, बायको दुसऱ्या. पंधरा वर्षं झाली. सुरुवातीला आम्ही 'सगळे धर्म एकच सांगतात' म्हणून सगळ्यावर पांघरूण घालायचो. फार गोड वाटतं ते, पण खरं नाहीये, सगळे एकच सांगत नाहीत! पुनर्जन्म आहे की नाही यावर आमचे धर्म सरळसरळ उलटं बोलतात. मुलीने सहावीत असताना विचारलं, "बाबा, आजी परत जन्माला येणार की देवाकडे राहणार?" एकाच आजीबद्दल आईबाबांची दोन उत्तरं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा तिच्यासमोर सांगितलं की हो, आमचं यावर एकमत नाही. मला असं शिकवलं, आईला तसं. तिने विचारलं मग भांडत का नाही? बायको म्हणाली, "कारण आजी दोघांची आहे."

बाईंच्या वर्गातल्या मुलांना 'सगळं सारखंच आहे' असं सांगू नका एवढंच सांगायचं होतं. मुलांना खोटं लगेच कळतं.

शांतरस

"आजी दोघांची आहे." वा.

भाषाभोचक

दोन_दारांचं_घर यांना जोरदार अनुमोदन. यावरून अल्-बिरूनी आठवला. हजार वर्षांपूर्वीचा खगोलज्ञ, महमूद गझनीच्या दरबारातला. लुटीच्या काळात हा माणूस संस्कृत शिकत बसला, पतंजलीची योगसूत्रं अरबीत नेली, आणि १०३० च्या सुमारास हिंदूंच्या श्रद्धा आणि शास्त्रांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने प्रस्तावनेतच सांगितलंय की हे खंडन-मंडनाचं पुस्तक नाही, ते लोक जे म्हणतात ते त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मांडतो. जिथे पटलं नाही तिथे पटलं नाही असंही सांगतो. समोरच्याला आपल्यासारखा करून न टाकता समजून घेणं, हे फार थोड्यांना जमतं.

एक_प्रामाणिक_शंका

सगळ्यांचं बरोबर आहे पण खरं सांगा, हे सगळे जुने किंवा लांबचे लोक. आजकाल खरंच कुणी मोठा शास्त्रज्ञ मनापासून धार्मिक असतो का? की सवय म्हणून?

अपूर्णांक

पाकिस्तानचा अब्दुस सलाम. भौतिकशास्त्राचं १९७९ चं नोबेल. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातलं क्षीण बल ही एकाच बलाची दोन रूपं आहेत हे दाखवलं. रोज नमाज पढणारा, नोबेलच्या भोजनसमारंभातल्या भाषणात कुराणातल्या ओळी म्हणणारा माणूस. त्याच्याबरोबर तेच नोबेल वाटून मिळालं स्टीव्हन वाइनबर्गला, जो पक्का आणि बोलका नास्तिक. दोघांनी एकमेकांपासून दूर, स्वतंत्रपणे, १९६७-६८ मध्ये तीच थिअरी मांडली. सलामने नंतर स्वतःच लिहिलंय की मी श्रद्धाळू आणि तो नास्तिक याने आमच्या कामात तसूभरही फरक पडला नाही.

उलटतपासणी, हे तुमच्यासाठीही आहे. समीकरणाला कळत नाही लिहिणारा रात्री काय करतो ते.

उलटतपासणी

मान्य, आणि आवडलंही. पण सलामचं पुढचंही सांगा ना. तो अहमदिया होता, १९७४ साली त्याच्या देशाने घटनादुरुस्ती करून त्या पंथाला बिगर-मुस्लिम ठरवलं, आणि मेल्यावर त्याच्या थडग्यावरचा 'मुस्लिम' हा शब्दसुद्धा खोडला. आंतरधर्मीय समजूतदारपणा फार पुढचा झाला, एकाच धर्माच्या आत काय चालतं ते बघा आधी.

अपूर्णांक

खरंय. त्या खोडलेल्या शब्दाचा फोटो बघवत नाही.

आद्यग्रंथी

[प्रतिसाद संपादित]

संपादक

दुसऱ्या धर्माच्या लोकांना उद्देशून एक वाक्य काढलं आहे. मत मांडा, माणसांना नावं ठेवू नका. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

चतुर्थीपार

धागा उशिरा दिसला. मी हौशी आकाशनिरीक्षक. फळा_खडू ताई, तुमच्या तीन तटांसाठी मला एक करून बघण्यासारखं सुचतंय. चर्चा ठेवूच नका. चंद्र बघायला लावा.

दोन अमावास्यांमधला काळ सरासरी २९.५३ दिवस. हा आकडा कुठल्याच धर्माच्या हातात नाही, आणि जवळजवळ सगळ्यांनी आपले पवित्र दिवस त्याला बांधलेत. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी. आता हे ११ दिवस मिटवायचे कसे? हिजरी कालगणनेने मिटवलेच नाहीत, म्हणून रमजान साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. हिंदू पंचांगाने साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घातला. ज्यू कालगणनेने १९ वर्षांत ७ जास्तीचे महिने घातले, कारण १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास जवळजवळ तंतोतंत जुळतात. ख्रिश्चनांचा ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्यानंतरच्या) पौर्णिमेनंतरचा रविवार, आणि तो सरकायला लागला म्हणून १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर केला, त्याचं गणित समजावून सांगायचं काम क्रिस्टोफर क्लेव्हियस नावाच्या जेझुइट पाद्र्याने केलं. बौद्धांचा सगळ्यात मोठा दिवस पौर्णिमेचा.

एकच कोडं, सगळ्यांनी सोडवलं, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असून गणितात चूक कुणाचीच नाही! दोन_दारांचं_घर म्हणतात तेच, 'सगळे एकच' नाही, पण आजी दोघांची :)

प्रत्येकाला आपापल्या घरचं कॅलेंडर आणायला सांगा, आणि अमावास्येनंतर चार संध्याकाळी चंद्रकोर शोधायला लावा. वेळ, क्षितिजापासून उंची (हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश), ढग किती, दिसली का. बस. दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजाच्या वेळा काढायची नोकरी करणारा इब्न अल्-शातिर असंच बघत-मोजत होता, चौदाव्या शतकात. त्याने चंद्राच्या गतीचं जे गणित बसवलं तेच गणित जवळजवळ दोनशे वर्षांनी कोपर्निकसच्या पुस्तकात सापडतं.

एक_प्रामाणिक_शंका

पण चंद्र दिसला की नाही यावर तर भांडणं होतात. डोळ्यांनी बघायचा की गणिताने ठरवायचा, मुस्लिम समाजातच दोन मतं आहेत.

चतुर्थीपार

होतात ना, आणि तेच शिकवण्यासारखं आहे! चंद्र सूर्यापासून साधारण ७ अंशांच्या आत असेल तर कोर तयारच होत नाही, दाँजाँ नावाच्या फ्रेंच खगोलज्ञाने काढलेली मर्यादा आहे ही. म्हणजे 'आज दिसणं अशक्य' हे गणित सांगू शकतं. पण डोळ्यांनी बघूनच महिना सुरू करायचा की नाही हे गणित नाही सांगणार, तो त्या समाजाचा निर्णय. विज्ञान कुठपर्यंत बोलतं आणि कुठे थांबतं हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

वाऱ्यावरची_वरात

चंद्राला अजून कुणी विचारलं नाही वाटतं तो कुठल्या धर्माचा.

उलटतपासणी

चतुर्थीपार, माझी पूर्ण संमती या प्रयोगाला. बाई, निकाल कळवा.

फळा_खडू

सहा आठवडे झाले, उशिराबद्दल माफ करा. करून पाहिलं.

एकवीस मुलांनी नावं दिली. पहिल्या संध्याकाळी ढग, कुणालाच काही दिसलं नाही, तरी दोघांनी दिसली म्हणून लिहून आणलं. त्यावरच अर्धा तास गेला, की दिसावी असं वाटणं आणि दिसणं यात फरक काय. मी काहीच बोलले नाही, मुलांनीच एकमेकांना धरलं. दुसऱ्या संध्याकाळी मात्र स्वच्छ होतं, आम्ही नऊजण शाळेच्या गच्चीवर होतो. सूर्य बुडून वीसेक मिनिटं झाली असतील, 'आमच्यात आधी लिहिलंय'वाला पहिला ओरडला, "ती बघा!" आणि 'त्याच्याही आधी'वाल्याला दिसेना, तर पहिल्याने त्याच्या मागे उभं राहून त्याचा हात धरून बोट तिकडे नेलं. खाली, अजून खाली, त्या तारेच्या वर. केसाएवढी बारीक. मग एकाने विचारलं की बाई, उरलेला चंद्रही फिका फिका गोल दिसतोय, तो कसा? पृथ्वीवरून परत गेलेला प्रकाश आहे तो म्हटल्यावर 'सायन्सने प्रूव्ह केलंय'वाला बराच वेळ गप्प उभा होता.

कॅलेंडरांचा तास त्याच आठवड्यात घेतला. तिथे मात्र वाद झाला, कुणाची पद्धत बरोबर म्हणून. पण वाद आकड्यांवर होता, वहीत गुणाकार करून होता. घरून दोन पालकांचे फोन आले, एकांना शाळेत धर्म नको होता, दुसऱ्यांना आपल्या मुलाने दुसऱ्यांचं कॅलेंडर मांडलेलं आवडलं नव्हतं. दोघांनाही वह्या दाखवल्या. पहिले शांत झाले, दुसरे नाही झाले.

त्या मुलीशी बोलले. आधी तिला सांगितलं की त्या दिवशी मी उत्तर द्यायचं टाळलं होतं. मग लमेत्रचं सांगितलं, सलाम आणि वाइनबर्गचं सांगितलं, थडग्याचंही सांगितलं. म्हणाले, प्रार्थना करायची की नाही हे मी नाही सांगणार, पण विज्ञान शिकलीस म्हणून ती सोडावी लागेल असं नाही, आणि करतेस म्हणून विज्ञानात कमी पडशील असंही नाही. पुढे कधी तुला स्वतःलाच प्रश्न पडले तर तेही चालतील, विचारायला ये. तिने विचारलं, "सलाम रात्री करायचे का?" मी म्हणाले पाच वेळा, त्यातली एक रात्रीची. हसली.

तिची निरीक्षणवही माझ्यासमोर आहे. मी चार रकाने दिले होते, तारीख-वेळ, उंची, ढग, दिसली का. तिने पट्टीने पाचवा आखलाय. 'सोबत कोण.'

चतुर्थीपार

ताई, पुढच्या वेळी दुर्बीण घेऊन मी येतो, फक्त सूर्य पूर्ण मावळेपर्यंत कुणालाही ती लावू देऊ नका. रकान्यांचा कागद इथे टाकाल का, पाच रकान्यांचाच?

फळा_खडू

टाकते आज रात्री.